फॅट्स डॉमिनोसाठी तीस ट्रॅक: कलाकार फुकट गायले, मग पैसा गेला कुठे?

प्रश्न असा आहे: ‘गोइंग होम’ हा अमेरिकन गायक-पियानोवादक फॅट्स डॉमिनोच्या गाण्यांचा दोन सीडींचा अल्बम वादळग्रस्त न्यू ऑर्लिन्सच्या मदतीसाठी निघाला होता. एवढे मोठे कलाकार त्यात मानधन न घेता गायले असतील, तर विक्रीचा सगळा पैसा मदतीलाच गेला असणार ना? आणि आम्हा दहा-बारा जणांना एखाद्या जुन्या गायकाच्या गाण्यांचा असाच अल्बम काढायचा असेल, तर सुरुवात कुठून करायची?

पहिल्याचे उत्तर: नाही, सगळा जात नाही, आणि जाऊही नये. दुसऱ्याचे: स्टुडिओ नंतर, कागद आधी. दोन्ही उत्तरांचे कारण एकच आहे. मदतनिधीच्या अल्बममध्ये गायकाचे मानधन हा खर्चाचा लहान भाग असतो. मोठा प्रश्न असतो तो विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीतून कोणाचा वाटा आधी निघतो याचा, आणि त्याचा निकाल पहिले गाणे रेकॉर्ड होण्याआधीच लागलेला असतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. अँटोन ‘फॅट्स’ डॉमिनो, जन्म 1928, न्यू ऑर्लिन्स. 10 डिसेंबर 1949 रोजी कॉझिमो मटासा यांच्या छोट्या स्टुडिओत त्याने ‘द फॅट मॅन’ रेकॉर्ड केले. रॉक अँड रोलच्या अगदी पहिल्या रेकॉर्डींत हिचे नाव घेतात. पुढची बरीच गाणी त्याने आणि ट्रम्पेटवादक-संयोजक डेव्ह बार्थोलोम्यू यांनी मिळून लिहिली. नाव जगभर झाले, पण माणूस लोअर नाइन्थ वॉर्ड या आपल्या जुन्या वस्तीतच राहिला. 29 ऑगस्ट 2005 रोजी कतरिना वादळात कालव्याची भिंत फुटली आणि ती वस्ती पाण्याखाली गेली. तो गेला असेच लोक धरून चालले होते. घरावर कोणीतरी रंगाने श्रद्धांजलीही लिहून ठेवली होती. प्रत्यक्षात त्याला आधीच बाहेर काढले होते. घर, पियानो, गोल्ड रेकॉर्डी सगळे चिखलात गेले. त्यानंतर 2007 च्या सप्टेंबरात व्हॅनगार्ड या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, हा अल्बम काढला. लाभार्थी होते टिपिटिनाज फाउंडेशन, म्हणजे तिथल्या वादकांना सावरणारी आणि शाळांच्या बँडना वाद्ये देणारी संस्था.

आता पैशाकडे येऊ. गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात, आणि सगळा घोळ या दोन एकत्र समजण्यातून होतो. एक म्हणजे रचना, म्हणजे शब्द आणि चाल. तिचा मालक गीतकार-संगीतकार किंवा त्यांचा पब्लिशर, म्हणजे रचनेचे हक्क सांभाळणारी कंपनी. दुसरी म्हणजे मास्टर, म्हणजे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण. त्याचा मालक बहुधा लेबल. एल्टन जॉनने ‘ब्लूबेरी हिल’ नव्याने गायले तेव्हा मास्टर नवे तयार झाले, रचना मात्र जुनीच राहिली. त्यामुळे एल्टन जॉनने एक पैसा घेतला नाही तरी रचनेची रॉयल्टी द्यावीच लागते.

अमेरिकेत हिला मेकॅनिकल रॉयल्टी म्हणतात आणि तिचा दर कायद्याने ठरतो. 2007 साली तो पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला प्रतिकॉपी 9.1 सेंट होता. पाच मिनिटांच्या वर गेले की प्रत्येक मिनिटाला किंवा त्याच्या तुकड्याला 1.75 सेंट. म्हणजे गाणे 5 मिनिटे 5 सेकंदांचे झाले तर सहा मिनिटे धरून 10.5 सेंट. शेवटचा सोलो आठ सेकंद लांबवण्याचा मोह होतो तेव्हा हा हिशेब समोर ठेवावा. सीडीसारख्या प्रतींना आणि डाउनलोडला हा दर 2025 साली 12.7 सेंटवर पोचला.

या अल्बमवर तीस ट्रॅक आहेत. पण बॉनी रेट आणि जॉन क्लिअरी यांनी दोन गाणी एकत्र गुंफली आहेत, आणि गुंफलेल्या गाण्यांना प्रत्येकी वेगळी रॉयल्टी लागते, म्हणून झाली एकतीस. उलट डर्टी डझन ब्रास बँडने वाजवलेले ‘व्हेन द सेंट्स’ हे पारंपरिक गाणे, त्याचा रचनाकार कोणी दावेदार नाही, म्हणून पुन्हा तीस. सगळी गाणी पाच मिनिटांच्या आत आणि पूर्ण दराने धरली तर प्रत्येक संचामागे 2 डॉलर 73 सेंट हे आधी बाजूला निघतात. पब्लिशरकडे विनंती केली तर दर तीन-चतुर्थांशावर येऊ शकतो, पण ती त्याची मर्जी. हक्क म्हणून मागता येत नाही.

हे पैसे ‘वाया गेले’ असे समजू नका. इथे गाण्यांची निवड हाच दानाचा पहिला निर्णय ठरतो. ‘आय अ‍ॅम वॉकिन’ हे डॉमिनो आणि बार्थोलोम्यू यांचे. ते टॉम पेटीने गायले तरी रचनेचा वाटा ज्याचा सन्मान चाललाय त्याच्याच बाजूला जातो. ‘ब्लूबेरी हिल’ मात्र डॉमिनोची ओळख असली तरी त्याचे नाही. ते 1940 सालचे, व्हिन्सेंट रोझ, लॅरी स्टॉक आणि अल लुइस यांचे. नोरा जोन्सने गायलेले ‘माय ब्लू हेवन’ तर 1920च्या दशकातले, वॉल्टर डोनाल्डसन यांची चाल. विकायला ही दोन गाणी लागतातच, पण हयात आणि अडचणीत असलेल्या कलाकाराचा सन्मान करायचा असेल तर निदान दोन-तृतीयांश गाणी त्याच्या स्वतःच्या रचना असाव्यात. गाण्यांच्या यादीपुढे रचनाकारांचा रकाना आखून मगच चर्चेला बसा. गाण्यावर नाव डॉमिनोचे दिसते म्हणून रचना त्याची, हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे.

परवानगीचे दोन मार्ग आहेत. अमेरिकन कॉपीराइट कायद्याचे कलम 115 सक्तीचा परवाना देते. गाणे मालकाच्या संमतीने एकदा बाजारात आलेले असेल तर मालक नव्या गायनाला नाही म्हणू शकत नाही, फक्त ठरलेला दर द्यायचा. अट अशी की नोटीस प्रती बनवल्यापासून तीस दिवसांच्या आत आणि विक्री सुरू होण्याआधी गेली पाहिजे. एकदा उशीर झाला की त्या गाण्यासाठी हा मार्ग बंद. शिवाय दर महिन्याला हिशेब पाठवावा लागतो, म्हणून बहुतेक जण हॅरी फॉक्स एजन्सीसारख्या मध्यस्थामार्फत तिमाही हिशेबाचा साधा परवाना घेतात. स्ट्रीमिंग आणि डाउनलोडची व्यवस्था 2021 पासून वेगळी झाली, ती मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह बघते. सीडी आणि व्हायनलचे परवाने आजही एकेक करून काढावे लागतात.

या परवान्यात शैली बदलायची मुभा आहे. लेनी क्रॅविट्झने रिबर्थ ब्रास बँडला घेऊन गाण्याचा बाज बदलला, ते चालते. मूळ चाल किंवा गाण्याचा गाभा मात्र बदलता येत नाही, आणि नवे कडवे घालणे किंवा शब्दांचे भाषांतर करणे यात अजिबात बसत नाही. डॉमिनोचे गाणे मराठी शब्दांत गायचे असेल तर पब्लिशरची वेगळी लेखी परवानगी लागेल, आणि त्या मराठी शब्दांची मालकी बहुधा त्याच्याकडेच जाईल. व्हिडिओसाठीही हा परवाना उपयोगाचा नाही. स्टुडिओतले दृश्य जोडून गाणे यूट्यूबवर टाकले की सिंक परवानगीचा, म्हणजे चित्राला गाणे जोडण्याच्या परवानगीचा, प्रश्न येतो.

मास्टरच्या बाजूला आणखी एक गाठ आहे. नामवंत गायक बहुधा कुठल्यातरी लेबलशी बांधलेला असतो. तो ‘हो’ म्हणाला याचा अर्थ फक्त त्याची इच्छा आहे एवढाच. त्याच्या लेबलकडून सूट-पत्र आले पाहिजे. त्या पत्रात सहसा असते: हा ट्रॅक स्वतंत्र सिंगल म्हणून काढायचा नाही, जाहिरातीत वापरायचा नाही, गायकाचे नाव इतरांपेक्षा मोठ्या अक्षरांत छापायचे नाही, ‘अमुक लेबलच्या सौजन्याने’ ही ओळ जशीच्या तशी द्यायची, आणि परवानगी अमुक वर्षांपुरती. हे शेवटचे कलम वाचल्याशिवाय सही करू नका. काही मदतनिधीचे अल्बम दहा-बारा वर्षांनी स्ट्रीमिंगवरून अर्धवट गायब होतात, चार ट्रॅक करडे दिसतात, त्यामागे बरेचदा संपलेली मुदत असते.

अल्बमची सुरुवात जॉन लेननच्या ‘एन्ट दॅट अ शेम’ने होते. लेनन 1980 मध्येच गेला. हे ध्वनिमुद्रण त्याच्या 1975 च्या ‘रॉक अँड रोल’ अल्बममधले, म्हणजे तयार मास्टर भाड्याने घेतल्यासारखे. अशा जुन्या ट्रॅकला मास्टरचाही परवाना लागतो. आणि इथे ‘मोस्ट फेवर्ड नेशन्स’ या नावाचे कलम जागे होते: एका कलाकाराला किंवा लेबलला जे मिळेल ते सगळ्यांना मिळाले पाहिजे. तीस जणांतल्या एकाला प्रतिकॉपी दोन सेंट कबूल केले की आकडा तीसने गुणायचा, साठ सेंट गेले. म्हणून दर शून्य ठेवायचा असेल तर पहिल्या पत्रापासून सगळ्यांना शून्यच. मोठ्या नावासाठी गुपचूप अपवाद केला तर तो हिशेबात उघडा पडतोच.

आता एक नमुना हिशेब. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, या अल्बमचे नव्हेत. दोन सीडींचा संच दुकानदाराला 15 डॉलरला जातो असे धरू. वितरकाचे 25 टक्के, म्हणजे 3.75 गेले. उरले 11.25. रचनांची रॉयल्टी 2.73 गेली, उरले 8.52. सीडी, खोके, पुस्तिका यांचे 1.75, उरले 6.77. स्टुडिओ, मिक्सिंग, मास्टरिंग, प्रवास, प्रसिद्धी, वकील मिळून 60,000 डॉलर खर्च झाला आणि करारात ‘निव्वळ नफा संस्थेला’ असे लिहिले असेल, तर पहिल्या 8,862 प्रतींमधून संस्थेला एक सेंटही मिळत नाही. त्यात दुकानातून परत येणाऱ्या मालासाठी वितरक काही रक्कम रोखून ठेवतो, ती वेगळीच. खरेदीदार मात्र मुखपृष्ठावरचे ‘उत्पन्न मदतीसाठी’ वाचून घेतो आणि आपले पंधरा-वीस डॉलर पोचले असे समजतो.

म्हणून करार ‘पहिल्या प्रतीपासून प्रतिकॉपी 2 डॉलर’ असा करावा, आणि खर्च वसूल झाल्यावर उरलेल्यातला हिस्सा वर. संस्थेला पहिल्या तिमाहीपासून काहीतरी मिळते आणि वेष्टनावर खरा आकडा छापता येतो. ‘उत्पन्नाचा काही भाग’ ही ओळ पळवाटच आहे. अमेरिकेतली बेटर बिझनेस ब्युरोची दानविषयक मानकेसुद्धा प्रत्येक खरेदीतली रक्कम, मोहिमेची मुदत आणि काही कमाल-किमान मर्यादा असेल तर ती, असे सगळे सांगायला लावतात.

संस्था आधी गाठा, अल्बम नंतर. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोन कार्यक्रम केले. तिकिटांचे 2,43,418.50 डॉलर युनिसेफला लगेच पोचले. अल्बमचा पैसा त्याहून कितीतरी मोठा होता, पण कार्यक्रमाआधी करमाफीची व्यवस्था केलेली नव्हती, आणि अमेरिकन करखात्यात तो वर्षानुवर्षे अडकला. हेतूत खोट नव्हती, क्रम चुकला. आणि हो, फुकट गाणाऱ्याला आपल्या वेळेची किंमत ‘दान’ म्हणून करातून वजा करता येत नाही, अमेरिकेतही आणि आपल्या आयकर कायद्याखालीही. हे कलाकाराला आधीच सांगितलेले बरे.

वादकांबाबत माझे मत स्पष्ट आहे: ताऱ्यांकडून फुकट घ्या, स्थानिक वादकांना पूर्ण पैसे द्या. ‘गोइंग होम’मध्ये बी. बी. किंगबरोबर डंपस्टाफंक, ताज महाल या ब्लूज गायकाबरोबर न्यू ऑर्लिन्स सोशल क्लब, रॉबर्ट प्लांटबरोबर लुइझियानाचाच लिल बँड ओ’ गोल्ड अशा जोड्या आहेत. ज्या गावाचे वादक बुडाले त्यांच्याच नावाने निधी गोळा करायचा आणि त्यांनाच फुकट वाजवायला लावायचे, हे बरे दिसत नाही. वादक संघटनेचे सदस्य असतील तर त्यांना परस्पर मानधन सोडताही येत नाही, संघटनेची संमती लागते.

आता वाजवण्याबद्दल, कारण कागद सगळे जुळूनही अल्बम इथेच पडतो. डॉमिनोचा पियानो म्हणजे उजव्या हाताचे सलग तिहेरी आघात. आपल्या भाषेत प्रत्येक मात्रेचे तीन भाग, तिस्र जाती. चार मात्रांत बारा आघात, पण बाराही सारख्या जोराने नाहीत. पहिल्यावर वजन, बाकी दोन हलके, बोटे की-वरून जवळजवळ न उचलता. स्नेअर ड्रम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. केरव्याच्या सरळ चालीने वाजवले की गाणे मरते, आणि बाराही आघात ठोकले की शिलाई मशीन ऐकू येते. खाली बार्थोलोम्यूची युक्ती: बास जी ओळ वाजवतो तीच गिटार आणि सॅक्सोफोनही वाजवतात. त्यामुळे तळ जाड होतो. सॅक्स नसतील आणि फक्त बास गिटारचा आवाज वाढवला तर तो जाडपणा येत नाही, नुसती घुमघुम येते. निदान एक बॅरिटोन आणि एक टेनर घ्या.

‘एन्ट दॅट अ शेम’च्या पहिल्या ओळीत गायक एकटा असतो आणि बँड दोन ठोके देऊन थांबतो. ती रिकामी जागाच गाण्याचा जीव आहे. मेट्रोनोम कानात घालून वेगवेगळ्या दिवशी ट्रॅक केले की कोणीतरी ती जागा भरतोच, आणि नाही भरली तर रिव्हर्बची शेपटी भरते. हे गाणे सगळ्यांनी एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवावे. मूळ रेकॉर्डीबरोबर वाद्ये जुळवू नका. इंपीरियल लेबलच्या त्या काळच्या काही रेकॉर्डींचा वेग किंचित वाढवलेला आहे, त्यामुळे सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडतो. पट्टी गायकाच्या गळ्यावरून ठरवा.

तीस ठिकाणांहून ट्रॅक येतात तेव्हा मागणीपत्रक एकच असावे: 24 बिट, 48 किंवा 96 किलोहर्ट्झची वेव्ह फाइल, अंतिम मिक्सवर आवाजाची शिखरे दाबणारा लिमिटर नाही, सर्वांत उंच शिखर उणे 3 ते उणे 6 डेसिबल, सोबत गायनाशिवायचे मिक्स, आणि वादकांची नावे, रचनाकारांचे हिस्से, आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा ओळख) क्रमांक व सौजन्याची ओळ एका कागदावर. शेवटचा कागद नेहमी उशिरा येतो आणि छपाई अडवतो. तो आल्याशिवाय ट्रॅक ‘मिळाला’ असे धरू नये. मास्टरिंगला 1975 चा दाट, प्रतिध्वनीने भरलेला ट्रॅक आणि नवा कोरडा ट्रॅक शेजारी आले की मीटर सारखा दाखवतो पण कान दचकतो. पातळी गायकाच्या आवाजावरून जुळवा आणि या दोघांच्या मधे एखादा ब्रास बँड बसवा. एका सीडीत फार तर 80 मिनिटे मावतात, म्हणून तीस ट्रॅकना दोन सीडी. पंधरा ट्रॅकचा एक-सीडी अल्बम केला तर रॉयल्टी निम्म्यावर येते, आणि लहान गटाला तेच झेपते.

भारतात करायचे असेल तर कॉपीराइट कायद्याचे कलम 31 सी बघा. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षे कव्हर करता येत नाही. नंतर केले तर आगाऊ नोटीस, मुखपृष्ठावर ‘कव्हर आवृत्ती’ असा स्पष्ट उल्लेख, आणि दरवर्षी किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी आगाऊ. हा शेवटचा आकडा पाहिला की लहान गटाने या वाटेला न जाता पब्लिशरशी किंवा लेबलशी थेट बोलून परवाना घेणे का बरे, ते कळते. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा वारसांना किंवा आयपीआरएससारख्या कॉपीराइट सोसायटीला सोडून इतर कोणाच्या नावे करता येत नाही. त्यामुळे लेबलने ‘सगळे हक्क आमचेच’ म्हटले तरी तो वाटा विचारून घ्या.

परदेशातल्या मराठी मंडळाने तिकडे अल्बम विकून पैसा महाराष्ट्रातल्या संस्थेला द्यायचे ठरवले, तर त्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले ठरावीक खाते हवे. 2020 पासून अशी संस्था तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. ‘आमच्या नोंदणीवर घेतो आणि तुमच्याकडे वळवतो’ असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा.

राहिले चेहरा आणि नाव. गाण्यांचे परवाने मिळाले म्हणजे मुखपृष्ठावर कलाकाराचा फोटो छापायची मुभा मिळाली असे नाही. फोटोचा हक्क छायाचित्रकाराचा, चेहऱ्याचा हक्क कलाकाराचा किंवा वारसांचा. लुइझियानाने 2022 मध्ये यासाठी खास कायदाच केला, मृत्यूनंतर पन्नास वर्षे संरक्षण देणारा. त्याला नाव दिले आहे अ‍ॅलन तुसाँ यांचे, म्हणजे याच अल्बममध्ये पॉल मॅकार्टनीबरोबर ‘आय वाँट टू वॉक यू होम’ वाजवणारे पियानोवादक. कलाकार हयात असेल तर त्याच्या घरी जाऊन सही घ्या, आणि त्याच भेटीत गाण्यांची यादीही दाखवा. स्वतःचे कुठले गाणे आपले आहे आणि कुठले नुसते गाजवलेले, हे त्याला तुमच्या वकिलापेक्षा नेमके माहीत असते.